घाट चढला, पण उतरला कुठे?

अकरावीच्या वर्गात खानदेशचा उत्तर-दक्षिण छेद फळ्यावर काढून झाला होता. एका टोकाला सातपुडा, मध्ये तापीचे सखल खोरे आणि दुसऱ्या टोकाला सातमाळा-अजिंठ्याची रांग, असा तो नेहमीचा छेद मी गेली अठरा वर्षे काढत आले आहे. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. तिचे आजोळ कन्नडला आहे. ती म्हणाली, "मॅडम, आजोळी जाताना एस.टी. कन्नड घाट चढते. पण मग ती उतरते कुठे?" वर्ग हसला, तरी प्रश्न अगदी रास्त होता. मी फळ्यावर दोन्ही बाजूंनी उतरणारा डोंगर काढला होता, आणि चाळीसगावहून निघालेली गाडी एकदा वर गेली की कन्नडपर्यंत सपाटीवरूनच धावते, हे त्या मुलीने खिडकीतून नीट पाहिले होते. पठाराची कड, लाव्ह्याचे थर, नद्यांनी केलेली झीज असे पुस्तकातले उत्तर मी तिला दिले. ते चूक नव्हते. पण सगळे आयुष्य चाळीसगावात गेले असूनही हा घाट मी स्वतःच्या पायांनी कधी चढले नव्हते, हे त्या संध्याकाळी मनाला फार लागले.

त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत मी आणि माझा धाकटा भाऊ खानदेशाच्या कडेच्या काही घाटवाटा सायकलने आणि पायी हिंडलो. पश्चिमेकडे, साक्री-पिंपळनेरच्या बाजूला, घाटाला बारी म्हणतात; कोंडाईबारी, सेलबारी, डोलबारी ही नावे नकाशावरही तशीच आहेत. आमच्या चाळीसगावकडे मात्र घाटच म्हणतात. हे हिंडणे कसे जमत गेले, कुठे चुकले आणि त्यातून काय कळले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

तयारीतील पहिली गोष्ट म्हणजे नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा स्थलनिर्देशक नकाशा मी विद्यार्थ्यांना शिकवते, पण स्वतःच्या पायांसाठी तो कधी वाचला नव्हता. या नकाशावर दोन लगतच्या समोच्च रेषांमध्ये, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांमध्ये, उंचीचा फरक २० मीटरचा असतो. पाटणादेवीच्या मंदिरापासून वरच्या पठारापर्यंत मी बोटाने रेषा मोजल्या, तेव्हा त्या चौदा-पंधरा भरल्या. म्हणजे चढ फार तर तीनशे मीटरचा. परंतु खरा प्रश्न उंचीचा नसून त्या रेषा कुठे एकमेकींना चिकटतात आणि कुठे विरळ होतात याचा आहे. आपला डोंगर काळ्या बेसॉल्टच्या थरांचा आहे. टणक थर उभा राहतो आणि त्याचा कडा होतो. त्याखालचा मऊ, भुसभुशीत थर झिजून आत सरकतो आणि तिथे आडवी, चालता येण्याजोगी पट्टी तयार होते. तिला आपल्याकडे पदर म्हणतात. कडा, पदर, पुन्हा कडा, पुन्हा पदर, अशी ही जणू राक्षसाने बांधलेली जिन्याची रचना आहे, आणि या खडकाला भूशास्त्रात जे 'ट्रॅप' नाव पडले तेदेखील पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच. घाटवाट शोधणे म्हणजे एका पदरावरून वरच्या पदरावर जायला कड्यात फट कुठे आहे, ते शोधणे. हे वाक्य मी आज सहज लिहिते आहे, पण ते कळायला मला एक संपूर्ण दिवस वाया घालवावा लागला. त्याविषयी पुढे येईलच.

दुसरी गोष्ट सायकल. भावाकडे गियरची सायकल होती, मी एक जुनी विकत घेतली. पुढे तीन आणि मागे सात चकत्या असलेली, वजनाने जड, पण तिचा सर्वांत हलका गियर खरोखरच हलका होता आणि घाटासाठी तेवढे पुरे असते. तीन महिने मी रोज पहाटे चाळीसगाव ते पाटणादेवी रस्त्यावर सराव केला. हा रस्ता सपाट वाटतो. सायकलवर बसले की कळते, की तो सारा वेळ हळूहळू चढतो आहे. पहिला धडा इथेच मिळाला: चढ दिसल्यावर गियर बदलायचा नसतो, चढ लागण्याच्या आधी बदलायचा असतो. चेनवर पूर्ण जोर असताना गियर बदलला की ती खडखडते, अडकते आणि चढावर पाय टेकावा लागतो. आणि चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा बसून सुरुवात करणे फार जड जाते.

कन्नड घाट आम्ही डिसेंबर २०२३ मध्ये चढलो. त्याआधी ऑगस्टपासून न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांना हा घाट बंद झाला होता. मालमोटारींच्या रांगा नसल्यामुळेच मला इथे सायकल चालवण्याचे धाडस झाले, हे प्रामाणिकपणे नोंदवते. पहाटे साडेपाचला निघालो. रांजणगाव मागे पडेपर्यंत अंधार होता, कापसाच्या वावरांतून गारवा अंगावर येत होता आणि समोर डोंगराची सरळ काळी भिंत दिसत होती. खानदेशच्या बाजूने ही रांग नेहमीच भिंतीसारखी दिसते. तिला शिखरे जवळजवळ नाहीतच, माथा दोरीने आखल्यासारखा आहे. त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या दृश्यातच होते. शिखर नसलेला डोंगर म्हणजे डोंगर नव्हेच, ती वरच्या जमिनीची कड आहे.

या घाटाला औट्रम घाट असेही म्हणतात. १८२५ मध्ये इंग्रजांनी खानदेशात भिल्ल पलटण उभारली, तिचा प्रमुख जेम्स औट्रम. धरणगावला त्याचे ठाणे होते. आज गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या नावातही तो आहे. ज्या भिल्लांनी या वाटा पिढ्यान्‌पिढ्या वापरल्या, त्यांच्यापैकी कुणाचेही नाव घाटाला नाही आणि त्यांना वठणीवर आणायला आलेल्या अधिकाऱ्याचे आहे, ही गोष्ट मला दर वळणावरची पाटी वाचताना खटकत राहिली.

चढताना रस्ता कसा विचार करतो, ते सायकलवर फार स्पष्ट कळते. चाकाला एकसारखा चढ हवा असतो, म्हणून रस्ता कड्याच्या पोटाला धरून लांबच लांब जातो, ओढ्याच्या खाचेत शिरतो, बाहेर येतो आणि उलटा वळतो. वळणाच्या आतल्या बाजूला चढ एकदम तीव्र असतो, बाहेरून गेले तर सौम्य. पण डाव्या वळणावर बाहेरून जाणे म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीच्या वाटेत जाणे. भाऊ मागून "ताई, आत, आत" असे ओरडत होता, म्हणून मी अशा दर वळणाला आतूनच जात राहिले आणि त्यानंतर धापा टाकत राहिले. दरडींच्या खुणा जागोजागी होत्या. २०२१ च्या ऑगस्टअखेरीस डोंगरात एका रात्री जो पाऊस झाला, त्याने इथे दरडी आणल्या, वाहने अडकली आणि खाली चाळीसगावात तितूर व डोंगरी या दोन्ही नद्यांचे पाणी घरांत शिरले. ते पाणी आम्ही गावात बसून पाहिले होते. ज्या खडकांवरून ते सुटले, ते खडक आता हाताच्या अंतरावर होते. ताज्या फुटलेल्या बेसॉल्टचा रंग निळसर काळा असतो, जुन्या उघड्या खडकाचा तांबूस. त्या तांबूस भिंतीत निळसर जखमा वेगळ्या ओळखू येत होत्या.

एक तास दहा मिनिटांनी आम्ही वर पोहोचलो. शेवटचे वळण संपले आणि समोर उतार नव्हता. जमीन होती. मक्याची धाटे, आल्याचे वाफे, विहिरीवरची मोटर, सगळे जसे खाली असते तसेच, फक्त तीनशे मीटर वर. चहाच्या टपरीपाशी सायकल टेकवून मी नकाशा उघडला आणि पाणी कुठे जाते ते पाहिले. खाली पाटणादेवीच्या खोऱ्यातले ओढे डोंगरी नदीला मिळतात, तिथून तितूर, गिरणा, तापी आणि अरबी समुद्र. वर कन्नडची शिवना नदी गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. म्हणजे त्या मुलीला हवा असलेला उतार आहे, पण तो इतका मंद आहे, की एस.टी.च्या खिडकीतून काय, सायकलवरूनही कळत नाही. तो पैठणवरून, नांदेडवरून, सारा दख्खन ओलांडून थेट पूर्व किनाऱ्याला पोहोचतो. सोमवारी वर्गात मी तिला हे सांगितले. ती म्हणाली, "मग घाट अर्धाच आहे." तिचे हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

उतरताना मात्र प्रसंग ओढवला. आदल्या आठवड्यात गावातल्या एका दुकानात मी ब्रेकचे रबर नवे बसवून घेतले होते. ते चाकाच्या धातूच्या कडेवर दाबले जायला हवेत. माझे एक रबर दोन-तीन मिलिमीटर वर बसवले गेले होते आणि ब्रेक दाबला की ते टायरच्या भिंतीला घासत होते. सपाट रस्त्यावर ते लक्षात येत नाही, कारण ब्रेक क्षणभरच दाबला जातो. घाटात तो सतत दाबलेला असतो. तिसऱ्या वळणानंतर मागून सर्र-सर्र असा ठेक्यात आवाज येऊ लागला. थांबून पाहते तो टायरच्या बाजूचे रबर खरवडून गेले होते, आतले पांढरे दोरे उघडे पडले होते आणि एका जागी ट्यूब बोराएवढी बाहेर फुगली होती. हात लावला तर चाकाची कड भाजत होती. दोन वळणे आणखी गेले असते तर ट्यूब फुटली असती, आणि ती कुठे फुटली असती ते दरीकडे पाहिल्यावर कळत होते. आम्ही तिथेच हवा कमी केली आणि मी सायकल हाताने धरून घाट पायी उतरले. तेव्हापासून कोणत्याही घाटाआधी मी ब्रेक दाबून, चाक उचलून, चारही रबरे स्वतः डोळ्यांनी पाहते, आणि उतारावर ब्रेक सलग दाबून न धरता दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे असे करते, म्हणजे कड गार व्हायला वाव मिळतो.

त्या सक्तीच्या पायी उतरण्यात एक लाभ झाला. रस्त्याच्या दोन वळणांना सरळ छेदून जाणाऱ्या पायवाटा मला दिसल्या, ज्या सायकलवरून दिसल्याच नव्हत्या. गाडीरस्त्याच्या आधीची माणसे डोंगर कसा चढत असतील, हा विचार तिथून सुरू झाला आणि आम्ही पाटणादेवीकडे वळलो.

पाटणादेवी आमच्यासाठी घरचे ठिकाण. चाळीसगावहून अठरा-एकोणीस किलोमीटर, चंडिकेचे प्राचीन मंदिर आणि तीन बाजूंनी कडे. नवरात्रात सगळे खानदेश इथे लोटते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याचा १२०७ सालचा शिलालेखही याच पाटणचा. या खोऱ्याच्या वर, दक्षिणेच्या कड्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. बहुतेक लोक ती कन्नडच्या बाजूने, पठारावरून गाडीने जाऊन आणि पायऱ्या उतरून पाहतात. मला ती खालून, खानदेशच्या बाजूने, चढून पाहायची होती.

हा भाग अभयारण्यात येतो. फाटकावर नोंद करावी लागते, शुल्क भरावे लागते आणि दिवस मावळण्याच्या आत बाहेर पडावे लागते. याबद्दल कुरकुर करणारे पुष्कळ भेटतात; मला हे नियम योग्य वाटतात. बिबट्यांचा इथे नेहमीचा वावर आहे, आणि २०२१ च्या मार्चमध्ये तर यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ शेकडो किलोमीटर चालून गौताळ्यात पोहोचल्याचे कॅमेऱ्यात दिसले होते.

पहिल्या खेपेला, जानेवारीत, आम्ही दोघेच गेलो आणि मी नकाशावर विसंबले. ओढ्याची रेषा थेट लेण्यांपर्यंत जाते असे नकाशात दिसत होते, म्हणून ओढ्याच्या पात्रातूनच चालायचे ठरवले. सुरुवातीला फार छान वाटले. दोन्ही बाजूंना साग, सालई आणि अंजन, पात्रात गुळगुळीत धोंडे, मधूनमधून डोह. तासाभरात धोंडे माणसाएवढे झाले, मग घराएवढे. दोन हातांनी, दोन गुडघ्यांनी चढायला लागत होते. अडीच तासांनी आम्ही एका उभ्या, कोरड्या धबधब्याच्या तळाशी येऊन उभे राहिलो. वर तीस-चाळीस फुटांचा कडा, खाली हिरवट पाणी. पाणी ज्या वाटेने उतरते त्या वाटेने माणूस चढू शकतोच असे नाही, ही साधी गोष्ट, जी मी वर्गात 'नदीचे युवावस्थेतील कार्य' म्हणून शिकवते, ती मला त्या तळाशी उभी राहून समजली. परत यायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. भावाचा घोटा मुरगळला आणि फाटक गाठेपर्यंत साडेपाच वाजले.

फाटकावर वनविभागाच्या रोजंदारीवर काम करणारे एक गृहस्थ होते, साठीच्या पुढचे. त्यांना सगळे आबा म्हणतात. तरुणपणी त्यांनी याच डोंगराच्या पायथ्याशी गुरे राखली होती. आमची अवस्था पाहून त्यांनी आधी पाणी दिले, मग विचारपूस केली आणि मी ओढ्याचे नाव घेताच मान हलवली. "ताई, तठे पाणी जास, माणूस नही जात," ते म्हणाले. मग काठीने धुळीत एक रेघ ओढून त्यांनी दाखवले, की वाट ओढ्याच्या डाव्या अंगाच्या सोंडेवरून, म्हणजे डोंगरातून खाली उतरत आलेल्या धारेवरून आहे, पहिल्या पदरावर ती उजवीकडे वळते आणि कड्याला एका नळीतून भेदून वर जाते. नकाशावर मी ती सोंड पाहिली होती. तिथे रेषा विरळ होत्या. पण ओढ्याची निळी रेघ मला अधिक खात्रीची वाटली होती.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आबांना सोबत घेऊन आम्ही पुन्हा गेलो. जेवणासाठी कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि कांदा, माणशी तीन लिटर पाणी. आबा चालताना पुढे पाहतच नव्हते, त्यांचे डोळे पायांखाली होते. थोड्या वेळाने मीही तसेच पाहू लागले आणि वाट दिसू लागली. दगडाचा जो भाग खुरांनी वर्षानुवर्षे घासला जातो, तो किंचित उजळ आणि गुळगुळीत असतो. झुडपांच्या फांद्या गुरांच्या पाठीच्या उंचीवर मोडलेल्या असतात, माणसाच्या खांद्याच्या उंचीवर नाही. जिथे वाट फुटते तिथे कोणीतरी एकावर एक तीन दगड ठेवलेले असतात. वाळलेल्या शेणाचा एक पो आबांनी पायाने उलटवून दाखवला. खालची बाजू पांढरी पडलेली होती. म्हणजे या पावसाळ्यानंतर इथून ढोर गेलेले नाही, वाट गवतात बुजली असणार, तेव्हा काठीने गवत बाजूला करत जायचे. सापासाठी म्हणूनही, आणि गवताखाली मोकळा दगड असतो म्हणूनही.

सोंडेवरचा चढ छातीवर येणारा होता, पण मातीचा होता आणि पाय ठरत होता. पहिल्या पदरावर आल्यावर एकदम सपाटी लागली. दोन कड्यांच्या मध्ये पंधरा-वीस पावले रुंद अशी ती आडवी पट्टी डोंगराच्या पोटाला बांधलेल्या कमरपट्ट्यासारखी लांब जात होती. तिथे सावली होती, पाझराचे ओल धरलेले खडक होते, मोरांची पिसे पडलेली होती. पदरावरून उजवीकडे अर्धा तास चालल्यावर आबांनी सांगितलेली नळी आली. दोन्ही बाजूंना उभा कडा आणि मध्ये हात पसरले तर दोन्हीकडे टेकतील एवढी फट, तिच्यात दगड कोसळून आपोआप झालेल्या पायऱ्या. दगड पक्का आहे की नाही ते आधी तळहाताने थोपटून पाहायचे, पोकळ आवाज आला तर त्यावर भार द्यायचा नाही, हे आबांनी शिकवले. भाऊ, मी, आबा या क्रमाने आम्ही एकेक करून चढलो. एकाने दगड सुटू दिला तर खालच्याच्या डोक्यात बसेल, म्हणून वरचा पूर्ण बाहेर पडेपर्यंत खालच्याने आडोशाला थांबायचे. या वीस-पंचवीस मीटरना आम्हाला चाळीस मिनिटे लागली.

नळीतून वर आलो आणि थोड्याच वेळात दरीच्या पलीकडे लेण्यांच्या काळ्या कमानी दिसल्या.

पितळखोरे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनचे. दगड इथे अजिंठ्याइतका चांगला नाही, दर्शनी भाग बराचसा ढासळला आहे, ओढ्याने पुष्कळ नेले आहे. तरी जोत्यावरची हत्तींची रांग पाहताना मी चढण विसरले. पण मी आले होते चैत्यगृहातल्या एका खांबासाठी. त्यावर ब्राह्मी लिपीत दान कोरलेले आहे: पतिठाणच्या, म्हणजे पैठणच्या, गंधी कुळातल्या मितदेवाचे. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणारा माणूस. पैठण गोदावरीवर, म्हणजे मी टपरीपाशी बसून नकाशावर पाहिलेल्या त्या मंद उताराच्या बाजूला. तो किंवा त्याचा माल सपाटीवरून चालत या कडेपर्यंत आला असणार आणि इथून पुढे खानदेशात उतरायचे म्हणजे पहिल्यांदाच खरा उतार लागणार. धोक्याच्या तोंडाशी थांबायला, पाणी प्यायला, चार दिवस विसावायला भिक्षूंचा विहार. आपल्याकडे अजिंठा, पितळखोरे, घटोत्कच ही लेणी पठाराच्या कडेला का आहेत, हे नकाशावर ठिपके जोडून समजत नव्हते. त्या खांबाला टेकून बसले, पिंढऱ्या थरथरत होत्या, तेव्हा समजले. आबा खांबाकडे पाहत म्हणाले की त्यांच्या आजाच्या काळी कन्नडच्या बाजारातून मीठ-मिरची घेऊन माणसे याच वाटेने खाली येत. मी त्यांना मितदेवाचे नाव वाचून दाखवले. त्यांनी खांबाला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही नागदकडून गौताळ्यात चढणारा घाट सायकलने केला. दाट झाडी, कमी रहदारी, नवशिक्यांसाठी कन्नड घाटापेक्षा हाच बरा. कोंडाईबारीत मात्र मन रमले नाही. धुळे-सुरत महामार्गाच्या वाहतुकीत सायकलने जाणे म्हणजे सतत आरशात पाहणे, आणि जंगल असूनही ते दिसत नाही.

मार्च २०२५ मध्ये, होळी होऊन गेल्यावर, आम्ही सायकली टेम्पोत टाकून तळोद्याला गेलो आणि चांदसैली घाट धरला. मला सातपुडा पाहायचाच होता, कारण फळ्यावरचा छेद अर्धा तपासून झाला होता, दुसरे टोक राहिले होते. पहाटे कोठार सोडले आणि अंधारातच मोहाचा वास आला, गोड आणि थोडा आंबूस. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ केलेली होती, म्हणजे गळालेली फुले वेचताना दिसतात. बायका आणि लहान मुली टोपल्या घेऊन वेचत होत्या. फुले मेणासारखी फिकट पिवळी, एकेक उचलायची, मुठीने नाही. आम्ही थांबलो तेव्हा एका आजीने मूठभर माझ्या हातात ठेवली.

इथे आम्ही ठरवून एक प्रयोग केला. भावाने सायकलने रस्त्यावरून जायचे आणि मी वळणे छेदणाऱ्या पायवाटेने, मग वर भेटून आलटून-पालटून. रस्ता अरुंद, वळणे एकावर एक, कडेला कठडा कुठे आहे कुठे नाही. भाऊ पंचेचाळीस मिनिटांत वर आला, मी पंचावन्न मिनिटांत. माझी वाट त्याच्या वाटेच्या तिसऱ्या हिश्शाएवढीही नसेल. वाटेत डोक्यावर बोचकी घेतलेली माणसे उतरत होती, तळोद्याच्या बाजाराला. त्यांचा वेग पाहून मी बाजूला उभी राहत होते. पावसाळ्यात या घाटात दरड आली की गाडी थांबते, आणि मग आजाऱ्याला झोळीत घालून हीच पायवाट उतरावी लागते. मी ज्या वाटेला हौसेने आले होते, तिचा खरा उपयोग हा आहे, हे पाहिल्यावर पुढचा चढ मी गप्प राहूनच चढले.

माथ्यावर आल्यावर समोर उतार होता. खोल, खरा उतार, त्याच्या तळाशी खोरे, पलीकडे दुसरी रांग, तिच्यामागे तिसरी, निळ्या रंगाच्या फिकट होत जाणाऱ्या घड्या. मागचे पाणी तापीला, पुढचे नर्मदेला. सातपुड्यात घाट चढला की उतरतो आणि उतरला की पुन्हा चढावा लागतो; सातमाळ्याला एकच पायरी आहे, सातपुड्याला पुडे आहेत. भावाने माथ्यावरच्या दगडावर सायकल टेकवली आणि विचारले, "ताई, धडगावपर्यंत जायचे का?" पाणी दीड लिटर उरले होते आणि ऊन दहा वाजताच चटका देत होते. आम्ही परत फिरलो. चारही रबरे पाहून, दाबत-सोडत, वीस मिनिटांत खाली.

आता फळ्यावर मी छेद वेगळा काढते. दक्षिणेला एक उभी पायरी आणि पुढे कागद संपेपर्यंत जवळजवळ आडवी रेघ, उत्तरेला ओळीने घड्या. ती मुलगी बारावी होऊन गेली, पण आजोळच्या वाटेवर तिने आबांबरोबर पितळखोरे खालून चढण्याचा हट्ट धरला आहे आणि तिच्या आईने मला फोन करून वाट किती अवघड आहे ते विचारले आहे. मी नळीबद्दल खरे ते सगळे सांगितले.

पहिला पदर नळीपाशी संपत नाही. तो कड्याला धरून कण्हेरगडाच्या दिशेने पुढे जातो, आणि नकाशावर तिथे तुटक रेघ आहे. आबा म्हणतात, त्यांनी त्या अंगाला तीस वर्षांत पाय ठेवलेला नाही, गवत वाळून आडवे होऊ द्या, कार्तिकात पाहू. तोवर मागचे टायर बदलायचे आहे, आणि या वेळी रबरे मी स्वतः बसवणार आहे.